परवरांचा इतिहास झेवियरपासून सुरू होत नाही

सेंट फ्रान्सिस झेवियरबद्दलचा एक मेसेज गेली काही वर्षं मराठी ग्रुपांवर फिरतो आहे. थोड्याफार फरकाने मजकूर असा असतो: "झेवियर १५४२ साली तमिळनाडूच्या किनाऱ्यावर उतरला. तिथल्या अडाणी, अस्पृश्य परवर कोळ्यांना तांदूळ आणि पैसे वाटून त्याने एकेका दिवसात हजारोंनी बाटवलं. पोर्तुगिजांनी त्यांना फुकट संरक्षण दिलं. त्यांची नावं फर्नांडो-परेरा झाली, भाषा आणि चालीरीती गेल्या, जातही गेली. आणि आज तेच लोक आरक्षण खातात."

हा मेसेज पुढे ढकलणाऱ्यांत माझ्या ओळखीची, एरवी चार पुस्तकं वाचणारी माणसं आहेत, म्हणून मुद्देसूद उत्तर देतो आहे. झेवियरची वकिली मला करायची नाही. गोव्यात पोर्तुगिजांनी देवळं पाडली, १५६० साली धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) बसवलं, आणि ते आणावं अशी मागणी झेवियरनेच १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून केली होती. यातलं काहीच मी नाकारत नाही. माझा आक्षेप परवरांच्या बाजूने आहे. दीड-दोन हजार वर्षं समुद्रावर जगलेल्या एका जातीला स्वतःचं डोकं नव्हतं, कुणीतरी आलं आणि मूठभर तांदळावर तिला उचलून घेऊन गेलं, असं हा मेसेज धरून चालतो. त्यांच्या पूर्वजांनी घेतलेला निर्णय तुम्हाला पटो वा न पटो, निर्णय त्यांचा होता, आणि तो समजून न घेता त्यांच्यावर दया किंवा राग काढणं हा त्यांचा अपमान आहे.

"अडाणी, अस्पृश्य, इतिहास नसलेले"

परवर हे मन्नारच्या आखाताच्या काठचे. कन्याकुमारी ते रामेश्वरम ही त्यांची पट्टी. वेम्बार, वैप्पार, तूत्तुक्कुडी (आपण जिला तुतिकोरिन म्हणतो), पुन्नैकायल, वीरपांडियनपट्टणम, आलंदलै, मणप्पाड ही त्यांची जुनी गावं. मासेमारी ते करतातच, पण ज्यासाठी रोमपासून चीनपर्यंतचे व्यापारी या किनाऱ्याचं नाव घेत होते ती गोष्ट वेगळी होती: मोती.

तमिळच्या सगळ्यात जुन्या, संगम काव्यात समुद्रकाठच्या प्रदेशाला 'नेय्दल' असं स्वतंत्र स्थान आहे आणि तिथले रहिवासी म्हणून 'परतवर' पुन्हा पुन्हा येतात. 'पट्टिनप्पालै' या काव्यात कावेरीच्या मुखावरच्या बंदरातले परतवर दिसतात. पौर्णिमेचा दिवस, होड्या वाळूवर ओढलेल्या. गाभण शार्क माशाचं शिंग जमिनीत रोवून त्यात देव आहे असं मानून त्याची पूजा चालली आहे. केवड्याची फुलं माळली आहेत, ताडाची ताडी पिऊन बायकापोरांसह खाणंपिणं आणि खेळ चालला आहे. त्या दिवशी समुद्रावर जायचं नाही. 'मदुरैक्कांजी'मध्ये तर पांड्य राजा नेडुंजेळियनच्या स्तुतीत दक्षिणेकडच्या परतवरांशी झालेल्या लढाईचा उल्लेख आहे. ज्यांच्याशी लढणं राजाच्या पराक्रमात मोजलं जातं ते लोक काठावरचे भणंग नसतात. आजचा प्रत्येक परवर त्याच लोकांचा थेट वंशज आहे असं कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण नाव, धंदा आणि समुद्र यांचा हा धागा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

पांड्यांचं मोत्यांचं बंदर कोर्कै. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात ते येतं, आणि तिथे एक कडू नोंदही आहे: मोती काढायला शिक्षा झालेले कैदी लावले जात. म्हणजे या धंद्यात सगळं वैभवच होतं असं नाही. पुढे ताम्रपर्णीच्या गाळाने कोर्कै समुद्रापासून तुटलं आणि जवळच्या कायलला महत्त्व आलं. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलो या किनाऱ्यावर आला. त्याने लिहिलंय की एप्रिलपासून मेच्या मध्यापर्यंत हंगाम चाले, मोत्यांचा दहावा हिस्सा राजाला जाई, आणि मंत्र टाकून शार्कला बांधून ठेवणाऱ्या ब्राह्मण मांत्रिकांना विसावा.

ही बुडी कशी असायची ते जरा नीट बघा. होडीच्या कडेने दोर सोडलेला, त्याच्या टोकाला जड दगड. पाणबुडा दगडावरच्या फासात पाय अडकवतो, नाक दाबतो, आणि दगडाच्या वजनाने सरळ तळाशी जातो. दगड लगेच वर ओढला जातो. खाली त्याच्याकडे साधारण मिनिटभराचा श्वास. तेवढ्यात गळ्यातल्या जाळीत हाताला लागतील तेवढे शिंपले भरायचे आणि दोराला हिसका द्यायचा. वर जो माणूस दोर धरून उभा असतो त्याच्या हातात याचा जीव. एका दगडावर दोन पाणबुडे आलटून पालटून उतरायचे, आणि होडी मोठी की लहान हे तिच्यावर किती दगड आहेत यावरून मोजायचे. काठावर आल्यावर शिंपले कुंपणात टाकून कुजू द्यायचे. त्या दुर्गंधीत दिवसचे दिवस काढून मग धुवून मोती शोधायचे. कुठल्या वर्षी कुठल्या तळाला शिंपला पिकला आहे, तो कधी काढायचा, वाऱ्याच्या कुठल्या पंधरवड्यात पाणी निवळ असतं, हे सगळं ज्ञान परवरांकडे पिढ्यानपिढ्या होतं. ज्याला मोती हवा त्या प्रत्येक सत्तेला, पांड्य असो, नायक असो, पोर्तुगीज, डच की इंग्रज, त्यांच्याकडेच यावं लागलं.

आता 'अस्पृश्य' हा शब्द. शास्त्राच्या उतरंडीत मासा मारणारा खाली ढकलला जातो हे खरं, आणि परवरांनाही ते भोगावं लागलं. पण तिरुनेलवेली भागात त्यांची गणना अस्पृश्य जातींत होत नव्हती. अनेकांच्या मनात परवर आणि परैयर (तमिळनाडूतली एक दलित जात) या दोन जातींची सरमिसळ होते, या मेसेजमध्येही तीच झालेली दिसते. दोन्ही समाज वेगळे, त्यांचे व्यवसाय वेगळे, त्यांचा इतिहास वेगळा.

याच्या उलट टोकाचे मेसेजही समाजातून फिरतात. परवर म्हणजे महाभारतातले भरत, परवर म्हणजे पांड्यांचं राजघराणं, असं त्यांत म्हटलेलं असतं. त्यांच्या जातप्रमुखाला 'पांडियपती' ही पदवी होती, हे खरं. पण पदवी म्हणजे वंशावळ नव्हे. या समाजाला मोठं ठरवायला क्षत्रियत्वाचा दाखला लागतो, हे मानणंच मला पटत नाही. मिनिटभराच्या श्वासावर समुद्राच्या तळाशी जाऊन मोती आणणारी माणसं कुणाच्या राजवंशाशी जोडली तरच मोठी होतात, असं का?

"झेवियरने १५४२ मध्ये बाटवलं"

हा मेसेजचा कणा आहे, आणि तो मोडायला झेवियरचंच पत्र पुरेसं आहे. गोव्याला तो मे १५४२ मध्ये पोहोचला आणि त्या शरद ऋतूत या किनाऱ्यावर गेला. २८ ऑक्टोबर १५४२ रोजी तूत्तुक्कुडीहून रोमला पाठवलेल्या पत्रात तो स्वतः लिहितो की आपण ज्या गावांतून फिरतो आहोत तिथले लोक आठ वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झालेले आहेत. त्यांना शिकवायला कुणी नसल्याने आपण ख्रिस्ती आहोत यापलीकडे त्यांना काही सांगता येत नाही, हेही त्याच पत्रात आहे.

मग ते ख्रिस्ती झाले कसे? १५३०च्या आसपास या किनाऱ्यावर कुणाची सत्ता, हेच ठरत नव्हतं. विजयनगर, वेणाडचे राजे आणि तेनकाशीकडे सरकलेले पांड्य यांची ओढाताण चालली होती. मोत्यांच्या मक्त्यावर आणि व्यापारावर मुसलमान व्यापाऱ्यांची पकड घट्ट होत होती आणि त्यात परवर पिचत होते. जेझुइट, म्हणजे झेवियरच्याच संघातल्या पाद्र्यांच्या, वृत्तांतांत ठिणगीची हकीकत येते ती अशी: एका मुसलमानाने परवर बाईचा अपमान केला, तिचा नवरा जाब विचारायला गेला, तेव्हा त्याच्या कानाची पाळी फाडून सोन्याचं कर्णभूषण ओरबाडून घेतलं गेलं. तमिळ माणसाला कानाची पाळी फाटणं किती लागतं ते वेगळं सांगायला नको. त्यातून खून पडले, आणि परवरांच्या वस्त्यांवर सूड उगवला जाऊ लागला. (हकीकतीतलं सोनंही लक्षात घ्या. तांदळासाठी धर्म बदलणाऱ्यांच्या कानात ते नसतं.)

मला या भांडणाला हिंदू-मुसलमान लढाईचं रूप द्यायचं नाही. कायलपट्टणमचे मरक्कायर हेही याच समुद्राचे, तमिळच बोलणारे लोक, आणि पाणबुड्यांमध्ये मुसलमानही होते. भांडण मोत्याचं होतं.

याच वेळी कन्याकुमारीला जुआंव द क्रूझ नावाचा माणूस घोड्यांच्या व्यापारासाठी आला होता. तो मलबारचा, तरुणपणी कालिकतच्या सामुतिरीने, म्हणजे तिथल्या राजाने, त्याला लिस्बनला पाठवलं होतं, तिथे तो ख्रिस्ती होऊन परतला होता. त्याने परवर प्रमुखांना सल्ला दिला की पोर्तुगिजांकडे जा, संरक्षण मागा, त्याच्या बदल्यात ख्रिस्ती व्हा. गावांचे प्रमुख, ज्यांना पट्टनकट्टी म्हणत, ते स्वतः कोचीनला गेले. तिथला पोर्तुगीज कप्तान पेरो वाझ आणि धर्मगुरू मिगेल वाझ यांच्याशी बोलणी केली, तिथेच बाप्तिस्मा घेतला आणि मग आरमार व पाद्री घेऊन गावी परतले. १५३५ ते १५३७ या काळात सुमारे २० हजार लोकांचा बाप्तिस्मा झाला. १५३८ साली रामेश्वरमजवळच्या वेदालै इथे मार्तिम अफोंसो द सोझा या पोर्तुगीज सेनानीने कालिकतच्या मरक्कारांचं, म्हणजे मुसलमान दर्यावर्दींचं, आरमार मोडलं. तोपर्यंत झेवियरने हिंदुस्थान पाहिलेलाही नव्हता.

जातीच्या प्रमुखांनी ठरवलं आणि सगळी जात त्यांच्यामागे गेली, हे आजच्या आपल्या डोळ्यांना खटकतं. प्रत्येक माणसाने श्रद्धेने निवड केली असं अजिबात झालं नाही. बायकांना, सामान्य कोळ्याला कुणी विचारलं नसणार. पण हा राजकीय करार होता. एका संघटित जातीने आपला मोत्यावरचा हक्क वाचवण्यासाठी समोर असलेल्या सगळ्यात मोठ्या आरमाराशी केलेला करार.

गोव्याचं माप इथे लावता येत नाही, ते याच कारणाने. तिसवाडी, बार्देश, साष्टी किंवा १५३४ नंतरची वसई इथे जमीन पोर्तुगिजांची होती, कायदा त्यांचा, शिपाई त्यांचे. परवरांच्या किनाऱ्यावर त्यांचा कप्तान होता, काही गलबतं होती, पण जमीन कधीच त्यांची नव्हती. तिथे राजा हिंदूच होता, आणि पुढे मदुरैचे नायक आले तेही हिंदूच.

'एकेका दिवसात हजारो' हे कुठून आलं, तेही सांगतो. १५४४ च्या अखेरीस त्रावणकोरच्या किनाऱ्यावर एका महिन्यात दहा हजारांहून जास्त लोकांना बाप्तिस्मा दिल्याचं झेवियरने लिहिलं आहे. ते मुक्कुवर, पश्चिमेकडची दुसरीच मच्छीमार जात. परवर आणि मुक्कुवर यांच्यात आजही सहसा सोयरीक होत नाही. बाप्तिस्मे देऊन हात दुखून आल्याचंही त्याने लिहिलं आहे. परवरांच्या गावांत त्या हाताखालून गेली ती मुख्यतः मधल्या वर्षांत जन्मलेली लेकरं.

झेवियरने परवरांच्या गावांत काय केलं हेही झाकायचं कारण नाही. दुभाष्यांना हाताशी धरून प्रार्थना तमिळमध्ये उतरवून घेतल्या, पाठ केल्या, घंटा वाजवत गल्लीबोळांतून पोरं गोळा केली. त्याच पोरांना घरातल्या मूर्ती फोडायला लावलं, आणि त्याचा आनंद पत्रांतून कळवला. दारू पिणाऱ्या बायकांना दंड आणि कैद सुनावली. हा जुलूम आहे आणि त्याला जुलूमच म्हणायला हवं. फक्त तो धर्मांतरानंतरचा आहे, धर्मांतराचं कारण नाही.

"तांदूळ आणि पैसे वाटले", "फुकट संरक्षण"

पैशाचा प्रवाह बरोबर उलटा होता. परवरांकडून दरवर्षी मोत्यांवरची पट्टी पोर्तुगिजांच्या खजिन्यात जात होती. तिच्यातला चार हजार फनमांचा (फनम हे तेव्हाचं नाणं) भाग पोर्तुगालच्या राणीच्या पादत्राणांच्या खर्चासाठी राखून ठेवला होता. ही रक्कम या गावांतल्या मुलांना शिकवणाऱ्यांच्या पगाराला द्यावी म्हणून झेवियरने राणीला गळ घातली. स्वर्गात चढून जायला या मुलांपेक्षा चांगली पादत्राणं तिला मिळणार नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. म्हणजे लिस्बनच्या राणीच्या पायातल्या जोड्याचे पैसे मन्नारच्या आखातात श्वास कोंडून बुड्या मारणारी माणसं भरत होती, आणि यालाच मेसेज 'फुकट' म्हणतो.

संरक्षणही पुरतं मिळालं नाही. १५४४ मध्ये उत्तरेकडून आलेल्या वडुगांच्या फौजेने किनारा लुटला, तेव्हा लोक पळून कन्याकुमारीच्या समुद्रातल्या खडकांवर जाऊन बसले, उपाशी, तहानलेले. झेवियर २० होड्यांत अन्नपाणी भरून त्यांच्याकडे निघाला. तांदूळ वाटल्याची दंतकथा याच घटनेवरून निघाली असेल तर तारीख बघा: हे लोक तेव्हा नऊ वर्षांचे जुने ख्रिस्ती होते. त्याच काळातल्या पत्रांत तो पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या वागणुकीबद्दल कळवळून तक्रार करतो. १५५३ मध्ये पुन्नैकायल लुटलं गेलं, तेव्हाही पोर्तुगिजांना ते थांबवता आलं नाही. परवरांनी केलेला सौदा महागात पडला असं कुणी म्हटलं तर त्याच्याशी मी वाद घालणार नाही.

"नावं, भाषा, चालीरीती गेल्या"

नावं आली हे खरं. फर्नांडो, परेरा, रोश, मोथा, मचाडो, मिरांडा, कोरेरा. बाप्तिस्म्याच्या वेळी ज्या पोर्तुगिजाने हात धरला त्याचं आडनाव घराला चिकटलं. पण भाषेचं काय झालं ते बघण्यासारखं आहे.

एन्रिके एन्रिकेस नावाचा जेझुइट पाद्री झेवियरच्या मागून या किनाऱ्यावर आला आणि १६०० साली मरेपर्यंत इथेच राहिला. परवरांकडून तो तमिळ शिकला, व्याकरण लिहिलं. २० ऑक्टोबर १५७८ रोजी कोल्लमला त्याचं 'तंबिरान वणक्कम' हे सोळा पानांचं पुस्तक तमिळ लिपीत छापलं गेलं. भारतीय भाषेत, भारतीय लिपीत, भारतात छापलेलं हे सगळ्यात जुनं उपलब्ध पुस्तक. १५८६ मध्ये त्याचा संतचरित्रांचा सहाशेहून अधिक पानांचा तमिळ ग्रंथ आला. या छपाईसाठी परवरांनी वर्गणी दिली होती. आपल्या फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं, तेही रोमन लिपीत, कारण मराठी अक्षरांचे खिळे नव्हते. तमिळला स्वतःच्या लिपीत छापलेलं पुस्तक त्याच्या अडतीस वर्षं आधी मिळालं, आणि तमिळ छपाईत या मच्छीमार जातीचा पैसा होता. भाषा गमावलेल्यांची ही लक्षणं नाहीत. आजही परवरांच्या घरात, चर्चमध्ये, होडीवर तमिळच आहे, आणि लग्नात गळ्यात ताली, म्हणजे तिथलं मंगळसूत्र, बांधली जाते.

चालीरीतींचं उदाहरण हवं असेल तर ५ ऑगस्टला तूत्तुक्कुडीला जा. पनिमय मातेचा, म्हणजे 'हिमाच्या मातेचा', उत्सव त्या दिवशी असतो. तिची मूर्ती १५५५ मध्ये मनिलाहून आली असं मानतात. विशेष वर्षी तिचा सोन्याचा रथ निघतो. हा रथ १८०६ मध्ये तेव्हाचे जातप्रमुख डॉन गॅब्रिएल यांच्या पुढाकाराने पहिल्यांदा ओढला गेला. तमिळ देवळाच्या रथोत्सवात जसा देव रथात बसून वस्तीतून फिरतो, जाड दोर माणसं खांद्यावर घेतात, तसाच तो फिरतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिलोनच्या मोती-हंगामाला हजर असलेल्या इंग्रजांनी लिहून ठेवलंय की कॅथलिक पाणबुडेही मांत्रिकाने शार्क बांधून दिल्याशिवाय पाण्यात उतरायला तयार नसत. मार्को पोलोने पाहिलेला तो मांत्रिक पाच शतकांनंतरही किनाऱ्यावर उभा होता.

आणखी एक गोष्ट, जी मराठी घराशी थेट जोडलेली आहे. आपल्या देवघरात जो शंख असतो त्याचा एक मोठा जुना स्रोत म्हणजे मन्नारचं आखात. मोत्यांचा हंगाम काही वर्षांतून एकदा यायचा. १९५५ ते १९६१ या वर्षांनंतर तूत्तुक्कुडीला मोठा हंगाम झालेलाच नाही. शंखाची बुडी मात्र वर्षानुवर्षं चालू राहिली. बंगालातल्या सवाष्णीच्या हातातल्या शंखाच्या बांगड्या याच शंखांतून कापल्या जात. तो समुद्राच्या तळावरून वर आणणाऱ्यांत तूत्तुक्कुडीचे कॅथलिक परवर होते आणि किलक्करैकडचे मुसलमान होते. पूजेच्या आधी आपण ज्याला पाणी घालून गंध-फूल वाहतो तो शंख किती हातांतून येतो, हे मेसेज लिहिणाऱ्याला माहीत असतं तर त्याने संस्कृती गेल्याची भाषा इतक्या सहज केली नसती.

परदेशी नावामुळे माणूस परका होत नाही याचं उदाहरण तूत्तुक्कुडीतच उभं आहे. रावबहादूर क्रूझ फर्नांडिस हे तिथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. शहराला पिण्याचं पाणी नव्हतं. ताम्रपर्णीचं पाणी वल्लनाडहून नळाने शहरात आणायची योजना त्यांनी नेटाने लावून धरली आणि १९२७ मध्ये पाणी आलं. शहराने त्यांचा पुतळा उभारला.

"जातही गेली"

हा मुद्दा कधी कौतुकाने सांगितला जातो, कधी टोमण्याने. दोन्ही चूक. जात गेली नाही, उलट जास्त घट्ट झाली. सगळी जात एकदम एका धर्मात गेल्यामुळे चर्च हीच जातीची चावडी झाली. 'जातितलैवर', म्हणजे जातीचा वंशपरंपरागत प्रमुख, तूत्तुक्कुडीला बसे. उत्सवातला मान त्याचा, निवाडा त्याचा, मोत्याच्या हंगामात त्याचा वेगळा हक्क. १६५८ मध्ये डचांनी तूत्तुक्कुडी पोर्तुगिजांकडून घेतलं आणि या लोकांना प्रॉटेस्टंट करायचा प्रयत्न केला. परवर हलले नाहीत. डचांना मोती, शंख आणि पाणबुडे हवे होते, म्हणून शेवटी त्यांना जातितलैवरांशीच जुळवून घ्यावं लागलं. कोचीनला जाऊन पोर्तुगिजांशी बोलणी करणाऱ्यांचे नातू-पणतू इथे दिसतात. सत्ता बदलली म्हणून ते धर्म बदलत नाहीत, हे 'विकत घेतलेल्यां'चं लक्षण आहे का?

पण याच व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. जातीच्या आत व्यापार करून वर चढलेले 'मेसैक्कारर' आणि रोज समुद्रावर जाणारे 'कम्मारक्कारर' असे थर पडले. वरच्यांनी खालच्यांना मानपानात, लग्नात दूर ठेवलं. नाडार या दुसऱ्या जातीच्या ख्रिस्त्यांशी चर्चमधल्या हक्कांवरून भांडणं झाली. चर्चने समता आणली असं म्हणणाऱ्यांनी या गोष्टी वाचाव्यात. समुद्रापार गेलेल्यांनीही आपली ओळख सोडली नाही: श्रीलंकेत स्थायिक झालेले परवर २००१ च्या तिथल्या जनगणनेत 'भरत' या स्वतंत्र नावाने नोंदले गेले.

"आरक्षण खातात"

तमिळनाडूत परवर इतर मागासवर्गात मोडतात, तेही मच्छीमार समाजाच्या सामाजिक आणि आर्थिक मागासलेपणामुळे. 'परवन' ही नोंद अनुसूचित जातींच्या यादीत आहे, पण फक्त कन्याकुमारी जिल्हा आणि शेंगोट्टै तालुक्यापुरती, कारण हा भाग १९५६ पर्यंत त्रावणकोर-कोचीन राज्यात होता आणि तिथली यादी तशीच पुढे आली. त्या नोंदीचा फायदाही ख्रिस्ती माणसाला मिळत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. आणि ज्यांचे पूर्वज १५३५ मध्ये ख्रिस्ती झाले, त्यांनी ते १९५० नंतरच्या सवलतींसाठी केलं, असं म्हणता येत नाही.